चाकाखालची माती

ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की घरातल्या चर्चेत पहिला प्रश्न एचपीचा असतो. शेजाऱ्याचा पस्तीसचा आहे, मग आपण पंचेचाळीसचा घेऊ. हा आकडा खोटा नसतो, पण तो इंजिनाचा असतो. शेतात काम करतो तो नांगराचा फाळ, आणि इंजिनापासून फाळापर्यंतच्या वाटेवर बरीच ताकद सांडते. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरमधून अवजारं फिरवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टवर साधारण ३८-३९ एचपी मिळतात. ओढीच्या कामाला, तेही आधीच मोकळ्या झालेल्या रानात, हाती उरतात जेमतेम २० ते २५. म्हणजे विकत घेतलेल्या ताकदीतली जवळजवळ निम्मी गिअर, धुरा आणि मुख्यतः चाकं यांच्यात संपते. चांगली बैलजोडी ठोकळमानाने एक एचपी देते आणि लाकडी नांगराने दिवसाला अर्धा एकर उरकते. तिच्याशी तुलना करताना आपण इंजिनाचा आकडा धरतो, पण खरी तुलना फाळावर पोचलेल्या ताकदीशी करायला हवी.

ही गळती सगळ्यात जास्त होते ती चाक आणि माती यांच्यामध्ये. चाक फिरतं तितका ट्रॅक्टर पुढे जात नाही, थोडं फिरणं जागच्या जागी वाया जातं. त्याला आपण स्लिप म्हणतो. थोडी स्लिप लागतेच, कारण माती जराशी दाबल्याशिवाय आणि कातरल्याशिवाय टायरला पकड मिळत नाही. नांगरणीत १० ते १५ टक्के स्लिप योग्य समजली जाते. त्याहून जास्त झाली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत घासून जातात. आणि स्लिप अगदीच नसेल, तर ट्रॅक्टर कामापेक्षा जड आहे, विनाकारण वजन वाहून रान तुडवतो आहे.

स्लिप मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करायची, नांगर उचललेला ठेवून चाकाचे दहा फेरे मोजायचे आणि तेवढ्यात कापलेलं अंतर टेपने मोजायचं. मग त्याच रानात नांगर लावून पुन्हा दहा फेरे मोजायचे. पहिल्यांदा ४० मीटर आणि दुसऱ्यांदा ३५ मीटर भरलं, तर स्लिप साडेबारा टक्के. उत्तम. ३० मीटरच भरलं, तर पाव काम हवेत गेलं. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला एकदा तरी ही मोजणी करावी. डिझेल कुठे जातं याचा पत्ता तिथेच लागतो.

स्लिप जास्त निघाली की पहिला उपाय सुचतो तो वजन वाढवण्याचा. मागच्या चाकांना बिडाची वजनं लावतात, किंवा टायरमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायरचा साधारण पाऊण भाग भरतो. नांगरणीला ते उपयोगी आहे. पण तेच वजन घेऊन पुढे पेरणी आणि कोळपणी केली, तर मोकळं केलेलं रान आपणच पुन्हा दाबतो.

वजन न वाढवता पकड कशी वाढवावी, या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे बसवलेलं असतं. आयर्लंडमध्ये १८८४ साली जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनचं ते डोकं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी जोडलेलं लोखंड होतं. नांगर मागे साखळीने किंवा खिळीने ओढायचा. फाळ दगडात अडकला की चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटायचा. त्या काळी सर्वाधिक खपणारा फोर्डसन याच गोष्टीसाठी बदनाम होता. फर्ग्युसनने नांगर ओढायचा विचार सोडून तो ट्रॅक्टरचाच भाग करायचं ठरवलं. खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक टॉपलिंक, अशा तीन जागी जोड दिला आणि सगळं हायड्रॉलिकवर उचलतं केलं.

त्यातली खरी करामत टॉपलिंकमध्ये आहे. नांगर मातीत चालताना खालचे दांडे ताणले जातात, पण वरची टॉपलिंक दाबली जाते. फाळ खोल गेला किंवा जमीन घट्ट लागली की हा दाब वाढतो. तो दाब हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला कळतो आणि नांगर किंचित उचलला जातो. उचलताना नांगराचं आणि त्यावरल्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणजे पकड हवी असते नेमकी तेव्हाच चाकं जड होतात. घट्ट जागा ओलांडली की नांगर परत आपल्या खोलीवर बसतो. यामुळे हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचं काम करू लागला. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत फर्ग्युसनचे टीई-२० जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले तेही याच ट्रॅक्टरांवरून. आपल्याकडे गावोगाव ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्याच्या पूर्ण नावात हा फर्ग्युसन आहे. चेन्नईच्या टाफे कंपनीने १९६० च्या दशकात ते ट्रॅक्टर इथे बनवायला घेतले.

दुःख याचं वाटतं की इतकं घरात असून आपण ते वापरत नाही. सीटच्या उजव्या हाताला हायड्रॉलिकचे दोन दांडे असतात, एक पोझिशनचा आणि एक ड्राफ्टचा. पोझिशनच्या दांड्याने अवजार ठरलेल्या उंचीवर धरलं जातं, ते रोटाव्हेटर, फवारणी यंत्र आणि पेरणी यंत्राला बरोबर आहे. नांगर, फण आणि मोगडा यांना ड्राफ्टचा दांडा आहे, टॉपलिंकची ती करामत त्यानेच चालते. बहुतेक ठिकाणी मात्र सगळी कामं पोझिशनवरच होतात. मग घट्ट पट्टा लागला की इंजिन दबतं, चालक घाईने नांगर वर घेतो आणि तेवढा तुकडा वरवर खरवडलेला राहतो. पुढे त्याच पट्ट्यात पीक पिवळं पडलं की दोष खताला दिला जातो. नवा ट्रॅक्टर आला की डिलरच्या माणसाकडून पूजेच्या नारळाइतक्याच आग्रहाने या दोन दांड्यांचं प्रात्यक्षिक करून घ्यावं, तेही दुकानासमोर नव्हे, आपल्या रानात.

आता मातीकडे वळू. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण मोठं. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भेगाळते. या फुगण्या-आकसण्यातच तिची स्वतःची मशागत आहे. एप्रिल-मे महिन्यात नांगरून उन्हात टाकलेली ढेकळं वळवाच्या एक-दोन सरींनी आपोआप विरघळतात आणि उन्हाने हरळीच्या काशा आणि किडींचे कोष मरतात, तो फायदा वेगळाच. पण हीच माती ओली असताना तिच्यावरून दोन टनांचा ट्रॅक्टर गेला, तर कणांमधली हवेची पोकळी मिटते आणि ती एका हंगामात उघडत नाही. नुकसान बहुतांशी चाकाच्या पहिल्याच फेरीत होतं, त्याच पट्ट्यातून पुढे कितीही फेऱ्या झाल्या तरी त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून ट्रॅक्टर रानभर कसाही फिरवण्यापेक्षा त्याच्या वाटा ठरवून घेणं शहाणपणाचं. रुंद वरंबा-सरी पद्धतीत हा फायदा आपसूक मिळतो: चाकं सरीतून जातात आणि पीक वरंब्यावर राहतं.

जुनी माणसं वाफसा आल्याशिवाय औत घालू देत नसत. त्यांचं परीक्षण आजही तितकंच खरं आहे. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी आणि अंगठ्याने ढकलावी. भुगा झाला तर वाफसा आहे, अंगठ्याचा ठसा उमटून चकाकी आली तर अजून थांबायला हवं. बैल ओल्या रानात फसायचे म्हणून माणूस आपोआप थांबत असे. ट्रॅक्टर फसत नाही, निदान इतक्या लवकर नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. डिफरन्शियल लॉक दाबून, पुढे वजनाला माणूस बसवून आपण ओलं रान रेटून काढतो आणि पेरणी दोन दिवस आधी झाल्याचं समाधान मानतो.

दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालला की त्या पातळीखाली तव्यासारखा कठीण थर तयार होतो. नांगराचा तळ आणि सरीत चालणारं चाक, दोघं मिळून तो दाबत जातात. त्यावर पाणी साचतं. तुरीचं किंवा कपाशीचं सोटमूळ खाली जाऊन तिथे काटकोनात वळतं. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की असं झाड आधी माना टाकतं, कारण थराखालच्या ओलीपर्यंत त्याचं मूळ पोचलेलंच नसतं. सुकलेलं झाड उपटून मूळ पाहण्याची सवय आपल्याला लावून घ्यायला हवी. हा थर फोडायला सबसॉयलर मिळतो. तो जमीन कोरडी असतानाच चालवायचा, कारण ओल्या मातीत तो नुसती चीर पाडतो आणि थर जिथल्या तिथे राहतो.

आणि गंमत अशी की महाराष्ट्राच्याच दुसऱ्या भागांत माणसं हाच थर मुद्दाम करतात. कोकणात, मावळात, इगतपुरीकडे, भंडारा-गोंदियात भाताची चिखलणी म्हणजे मातीची जडणघडण पाण्यात कालवून मोडणं. बारीक कण खाली बसून पाणी मुरायचं थांबतं आणि खाचरात पाणी उभं राहतं. टायरऐवजी लोखंडी पट्ट्यांची केज-व्हील लावलेला ट्रॅक्टर किंवा कोकणातल्या लहान खाचरांत पॉवर टिलर हे काम छान करतो. भाताला ते वरदान आहे. पण भात निघाल्यावर त्याच खाचरात हरभरा घ्यायचा म्हटलं की मुळांना तो थर आडवा येतो. त्यामुळे मशागत चांगली की वाईट हे पीक पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

रोटाव्हेटरबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण गेल्या काही वर्षांत इतकं आवडतं झालेलं दुसरं अवजार नाही. ऑस्ट्रेलियातल्या गिलगांड्रा गावाजवळ १९१२ साली आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टर-इंजिनावर पहिले प्रयोग केले. त्याच्या सुरुवातीच्या चकत्या माती बाजूला फेकत. मग त्याने इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पाती बसवली आणि १९२० मध्ये पेटंट घेतलं. आजही पात्याचा आकार तोच आहे. नांगर चाकांच्या पकडीवर चालतो, रोटाव्हेटरला ताकद पीटीओतून मिळते. उलट, फिरणारी पाती ट्रॅक्टरला किंचित पुढेच ढकलतात, त्यामुळे स्लिपचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. उसाचं पाचट किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या मातीत मिसळायला, चिखलणीला, कांद्याच्या वाफ्याला याच्यासारखं अवजार नाही.

पण ते जेमतेम चार-पाच इंच खोल जातं. वर पीठ आणि खाली पात्यांनी घोटलेला गुळगुळीत तळ, असं रान दिसायला देखणं असतं. त्यावर पहिला जोराचा पाऊस पडला की बारीक कण छिद्रं बुजवतात, वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब ती फोडता फोडता मोडतो. उतारावर तीच पिठासारखी माती ओढ्याला जाते. मशागत म्हणजे फक्त रोटाव्हेटर, असं ज्या रानात सलग काही वर्षं चाललं आहे, तिथे पाणी मुरायचं कमी होणार यात नवल नाही. बी पडतं तेवढी ओळ बारीक हवी, दोन ओळींमधली माती थोडी ढेकळाळ राहिलेलीच बरी. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घ्यायला कचरत होते. लोखंडाने जमीन नासली नाही. मात्र ती वजनाने आणि अति घुसळण्याने नासते, आणि ही भीती खरी धरायला हवी.

नांगरणी-पेरणी वर्षातले थोडेच दिवस चालते, ट्रॅक्टर उरलेला काळ घरची कामं करतो. शेणखत वाहणं, कडबा आणणं, टंचाईत टँकर ओढणं, फळी लावून खळं आणि वाट सारखी करणं, कुट्टी, मळणी, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ब्लोअर. यातली कितीतरी कामं पीटीओवर होतात, आणि तिथेच माणसं जिवाला मुकतात.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट सात सेंटीमीटर जाड धरला तर त्याचा घेर बावीस सेंटीमीटर होतो. ओढणीचं किंवा उपरण्याचं टोक त्यात अडकलं तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. माणसाला ओरडायला लागतो तेवढा हा वेळ. म्हणून शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण येतं. ग्रीस करताना अडचण होते म्हणून ते काढून कोठीत टाकलेलं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. ते आजच परत बसवा. मळणी यंत्रात हात गेल्याच्या घटना इतक्या वाढल्या की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी पेंढी ढकलायला हात आत जातोच. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं तर फक्त चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. तो थांबवायला पेडल पूर्ण दाबावं लागतं. अडकलेलं काही सोडवायचं असेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायची आणि मगच खाली उतरायचं.

उलटण्याचा धोका फर्ग्युसननंतर कमी झाला, पण संपला नाही. फसलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढायचा असला की माणसं साखळी टॉपलिंकच्या खिळीला बांधतात, कारण ती जागा हाताशी असते. ओढ धुऱ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि सेकंद-दीड सेकंदात उलटतो, क्लच दाबायला वेळच मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला बांधायची. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर अजून उघडेच आहेत. त्यातून मडगार्डवर लेकरू किंवा घरची बाई बसवून शेतात जाण्याची रीत. मडगार्ड ही बसायची जागा नाही. एका खड्ड्याने माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो, आणि असं घडलेलं घर पुन्हा सावरत नाही.

तशीच ट्रॉली. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चालतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक क्वचितच असतात, सगळा भार थांबवायचा तो ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडलं खिळीने एकत्र जोडली नसतील, तर एकच चाक थांबून गाडी आडवी होते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणं हे तर सरळ मृत्यूला बोलावणं आहे. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायला शंभर-दोनशे रुपये लागतात, त्यासाठी कारखान्याच्या मोहिमेची वाट कशाला पाहायची?

देखभालीबद्दल थोडक्यात. ऑइल, एअर फिल्टर, ग्रीस आणि डिझेलमधलं पाणी, या चार गोष्टी सांभाळल्या की इंजिन दहा हजार तास निभावून नेतं. पेरणीच्या दिवसांतल्या धुळीत तेलाचा एअर फिल्टर रोज उघडून पाहावा, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर पॉलिश पेपरसारखी घासते. डिझेलची टाकी संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्री हवेतली वाफ थिजून पाणी साठतं आणि ते पंपात जातं. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवली तर डिझेलमधला फरक एका दिवसात दिसतो.

शेवटी हिशेब. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. ट्रॅक्टर परवडायला तो वर्षाला हजार तासांच्या आसपास चालावा लागतो, आणि सव्वातीन एकरांना सगळ्या कामांसाठी शंभर तासही लागत नाहीत. त्यामुळे बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर म्हणजे भाड्याचाच असणार, आणि ज्यांनी घेतला त्यांनाही तो भाड्याने चालवावाच लागणार. मग भाडं ठरतं कसं हा मुद्दा मातीइतकाच महत्त्वाचा होतो. तासावर ठरवलं तर चालकाला घाई नसते, एकरावर ठरवलं तर घाईच असते आणि नांगर वरवर पळतो. माझ्या मते एकरावरच ठरवावं, पण खोली बोलून. नऊ इंच ठरली असेल तर चालक गाडी घेऊन जायच्या आत रानात शिरावं, न नांगरलेल्या कडेपासून नांगराच्या तासाच्या तळापर्यंत पट्टी लावून खोली पाहावी, आणि बांधाजवळ, मध्यावर, घट्ट पट्ट्यात अशी चार-पाच ठिकाणी पाहावी. उकरलेल्या मातीवर पट्टी लावू नये, ती फुगलेली असते आणि दोन इंच जास्त दाखवते.